आधीच दोन तुकडे असलेली फळी

तायक्वांदो किंवा कराटेचं प्रात्यक्षिक संपलं की प्रेक्षकांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "प्लास्टिकची फळी होती हो. आधीच दोन तुकडे! खरं बळ बघायचं तर लाकडाची फोडा." बोलणाऱ्याने बहुधा दोन्हींपैकी एकीलाही हात लावलेला नसतो, म्हणून सोडून द्यावं. पण ब्लॅक बेल्टवालेसुद्धा हेच बोलू लागतात, तेव्हा डोकं फिरतं.

आधी ही फळी असते कशी ते पाहू. कडक प्लास्टिकचे दोन भाग. एकाच्या कडेला जीभ, दुसऱ्याच्या कडेला खाच. एक भाग दुसऱ्यात बाजूने सरकवून बसवायचा. फटका बसला की फळी मधोमध वाकते, जिभेला धरणारा खाचेचा ओठ उघडतो आणि भाग सुटे होतात. त्यासाठी किती जोर लागणार, हे जोड किती घट्ट त्यावर ठरतं आणि त्यानुसार फळ्यांचे रंग ठरतात. तुकडे आधीच दोन आहेत म्हणून जोड फुकट सुटत नाही. ज्याला खोटं वाटतं त्याने घट्टातल्या घट्ट फळीवर अर्ध्या मनाने फटका मारावा. फळी तशीच राहील, तळहात मात्र लाल होईल.

आता 'खरं' लाकूड. सरावाला साधारण फूटभर चौरस, पाऊण इंच जाडीची पाईनची फळी घेतात. ती तुटते रेषांना समांतर, आणि नेहमी तशीच. रेषांच्या लांबीत पाईन जेवढा ताण सोसतो, त्याच्या विसाव्या हिश्श्याहून कमी ताणात तो आडवा फाटतो. अमेरिकी सरकारच्या 'वुड हँडबुक'मध्ये जातवार आकडे दिले आहेत, शंकेखोरांनी काढून बघावेत. जळण फोडणारा ओंडका उभा का ठेवतो? त्याला हे पुस्तकाशिवाय कळतं. म्हणजे लाकडाच्या फळीतही तुटायची वाट आधीच आखलेली असते, फक्त ती कारखान्यात आखलेली नसते, इतकंच.

शिवाय लाकडाच्या फळ्या एकसारख्या कधीच नसतात. एकाच पट्टीतून कापलेल्या दोन फळ्यांपैकी एकीत गाठ निघते आणि ती फटक्याला दादच देत नाही. ओलसर फळी तुटण्याआधी वाकत राहते, खडखडीत सुकलेली पटकन तडकते. प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी फळ्या ओव्हनमध्ये सुकवणारे महाभागही आहेत. आणि सुताराला नुसतं "फळी दे" म्हटलं की तो प्लायवूड देतो. त्यात प्रत्येक थराच्या रेषा खालच्या थराला काटकोनात असतात, म्हणजे फाटायची वाटच बुजवलेली. त्यावर हात आपटून मनगट सुजवून घेण्यात कसलं शौर्य?

म्हणूनच आयटीएफ या आंतरराष्ट्रीय तायक्वांदो संघटनेच्या स्पर्धांत पॉवर ब्रेकिंगला पुन्हा जोडता येणाऱ्या प्लास्टिकच्या फळ्या वापरतात. सगळ्यांपुढे अडथळा सारखा हवा, एवढा साधा हिशेब.

प्लास्टिक निर्दोष आहे असं मात्र नाही. वापरून जोड सैल होतो, आणि जीभ पुरती आत सरकवली नाही तर फळी नावालाच उरते. ही लबाडी चालते, पण तो दोष सरकवणाऱ्याचा. दुसरं म्हणजे ही फळी फक्त मधल्या जोडावरच सुटते. फटका चार बोटं बाजूला बसला तर लाकूड एखादे वेळी माफ करतं, प्लास्टिक करत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. रंग म्हणजे बेल्टची पातळी, असं नाही: प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. दुप्पट जाड फळीला दुप्पट जोर, हेही चूक: ताकद जाडीच्या वर्गाने वाढते, म्हणून सुमारे चौपट. फळ्यांच्या मध्ये पेन्सिली ठेवून रचलेला ढीग दिसतो भारी, पण फोडायला सोपा, कारण फळ्या एकामागून एक तुटतात. आपल्या स्नेहसंमेलनांत कौलं फोडतात ती 'फळीच्या पुढची पायरी' नव्हे. भाजलेली माती ठिसूळ असते, ती न वाकता तडकते.

"फळी तुटली की हात जास्त दुखतो" हे तर साफ उलटं आहे. फळी तुटली नाही की दुखतं, कारण हाताचा सगळा वेग तिथल्या तिथे अडतो. फेल्ड, मॅकनेअर आणि विल्क यांनी 1979 साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये हे गणित मांडलं. मॅकनेअर स्वतः ब्लॅक बेल्ट होता, पुढे अंतराळवीर झाला आणि 1986 च्या चॅलेंजर दुर्घटनेत गेला. तरबेज माणसाचा हात सेकंदाला 10 ते 14 मीटर वेग गाठतो, पण तो हात पुरता ताणला जाण्याच्या आधी. म्हणून सर ओरडत असतात की फळीवर नको, फळीच्या मागे मार.

आणि फळी न तुटण्याचं खापर दर वेळी मारणाऱ्यावर फोडू नये. धरणाऱ्यांची कोपरं ढिली असली, फटक्याबरोबर फळी हातभर मागे गेली, तर लाकूड असो की प्लास्टिक, दोन्ही तशीच्या तशी राहतात. कोपरं ताठ, एक पाय मागे, बोटं मागच्या बाजूला फक्त कडेशी, आणि प्लास्टिकची असेल तर जोडापासून लांब, नाहीतर सुटलेल्या भागांत चिमटा बसतो.