राखलेला पडका किल्ला

११६३ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री वेल्सवर चालून गेला आणि दक्षिणेकडचा वेल्श राजा रीस त्याच्या हाती लागला. रीसचा मुलूख खालसा करावा की त्याच्याकडून निष्ठेची शपथ घेऊन त्याला परत पाठवावं, हे ठरायचं होतं. आधी मुलूख पाहून यावा म्हणून हेन्रीने एक भरवशाचा सरदार दिनेवूरकडे धाडला. वाटाड्या म्हणून एक वेल्श पाद्री बरोबर दिला आणि चांगल्यात चांगल्या वाटेने न्यायला बजावलं. पाद्री बेरकी निघाला. त्याने सरदाराला मुद्दाम आडरानातून, खाचखळग्यांतून, चढउतारांवरून फिरवलं आणि जिथे हिरवळ दिसेल तिथे थांबून मूठमूठ गवत उपटून खाल्लं. नड पडली की आमच्याकडे असंच भागवतात, असं वर सांगितलं. सरदाराने परतल्यावर कळवलं, की त्या मुलखात काही अर्थ नाही, तिथली माणसं जनावरांसारखी जगतात. हेन्रीने रीसकडून शपथ घेतली आणि त्याला सोडून दिलं.

ही हकिगत जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मपंडिताने लिहून ठेवली आहे. ११८८ मध्ये तो वेल्सभर फिरला होता, आणि नात्याने तो रीसच्याच घराण्यातला. त्यामुळे गोष्टीला थोडं तिखटमीठ लागलं असेलही. पण दिनेवूरच्या तटावर उभं राहून खाली पाहिलं की पाद्रीने किती मोठी थाप पचवली ते कळतं. समोर टवी नदीचं खोरं पसरलेलं असतं. नदी वेटोळी घेत सपाटीवरून जाते, तिने सोडून दिलेल्या जुन्या वळणांमध्ये पाणी साचून तळी झालेली असतात आणि नजर पोहोचेल तिथवर कुरणं. वेल्समधल्या उत्तम चराऊ जमिनींपैकी ही एक.

दिनेवूर हे दक्षिण वेल्समध्ये, कारमार्थनशायर परगण्यातल्या लॅनडायलो या छोट्या गावाला लागून आहे. टेकडीच्या कड्यावर पडका किल्ला, उतारावर जुनं जंगल, मागच्या बाजूला हरणांचं विस्तीर्ण रान आणि त्यात न्यूटन हाऊस नावाचा वाडा, असा हा सगळा पसारा. ही जागा मोक्याची आहे हे वेल्श राजांच्या आधी रोमनांनी ओळखलं होतं. २००३ मध्ये जमीन न उकरता उपकरणांनी पाहणी केली, तेव्हा उद्यानाच्या गवताखाली एकावर एक आलेल्या दोन रोमन छावण्यांच्या खुणा सापडल्या. वरून पाहणाऱ्याला मात्र तिथे चरणारी जनावरंच दिसतात.

वेल्स हा किल्ल्यांचा देश म्हणून पर्यटक तिथे जातात आणि बहुतेक जण उत्तरेकडचे किल्ले पाहून परततात. कर्नारवॉन, कॉनवी, हार्लेख, बोमारिस. हे चारही किल्ले इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकताना आणि जिंकल्यावर बांधले. अफाट खर्चाचे, आखीव, दबदबा बसवणारे. १९८६ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पण ते जेत्याचे किल्ले. वेल्श राजांनी स्वतःसाठी बांधलेले किल्ले पाहायचे तर वाट वाकडी करावी लागते, आणि त्यांतलं मानाचं नाव दिनेवूर. देहायबार्थ या दक्षिणेकडच्या राज्याची ही गादी. उत्तरेत ग्विनेथच्या राजांसाठी अ‍ॅबरफ्रॉ, तसं दक्षिणेत दिनेवूर, असं जुन्या वेल्श कायद्याच्या पोथ्याच सांगतात.

वाड्याकडून निघालं की रानातून आणि मग झाडीतून चढत किल्ल्याशी पोहोचता येतं. आधी पडकोट लागतो. त्याचं फारसं काही उरलेलं नाही. त्यापुढे खडकात खोदलेला खंदक आणि मग चिंचोळ्या वाटेने बालेकिल्ल्यात प्रवेश. बालेकिल्ला लहानच आहे. कड्याच्या आकाराबरहुकूम वळत गेलेला तट, एका अंगाला मोठा गोल बुरूज, दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक गोल बुरूज आणि तटाला लागून दिवाणखान्याची पडकी इमारत. ती इंग्रजांच्या ताब्यात किल्ला गेल्यानंतरची. जिन्याने तटावर चढून काही भागात फिरता येतं.

थांबून पाहावा तो मोठा गोल बुरूज. हा तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, बहुधा रीसचा मुलगा रीस ग्रिग याने बांधलेला. पायथ्याशी भिंत बाहेर उतरती केली आहे, म्हणजे तिने सुरुंगाला दाद देऊ नये आणि वरून टाकलेला दगड उसळून शत्रूवर जावा. मूळ दरवाजा वरच्या मजल्यावर होता. आज आपण जमिनीलगतच्या दारातून आत शिरतो, ते नंतर फोडलेलं. आत उभं राहून वर पाहिलं की गंमत लक्षात येते. खाली अंधार आणि बाणांसाठी ठेवलेल्या अरुंद फटी, आणि अगदी माथ्यावर मात्र ऐसपैस खिडक्यांची ओळ. लढाऊ बुरुजाला अशा खिडक्या कोणी ठेवत नाही. त्या सतराव्या शतकातल्या आहेत. किल्ल्याचं लढणं संपल्यावर मालकांनी बुरुजाच्या डोक्यावर उन्हाळी बैठक बांधली, वर शंकूच्या आकाराचं छप्पर चढवलं आणि पाहुण्यांना खोरं दाखवायला तिथे नेऊ लागले. अठराव्या शतकात ती बैठक आगीत गेली. खिडक्या राहिल्या.

या खिडक्यांतच दिनेवूरचं मर्म आहे. हा किल्ला शत्रूने पाडला म्हणून पडका कमी, आणि नंतरच्यांच्या हौसेने राखला म्हणून उभा जास्त.

तशा लढाया त्याने पुष्कळ पाहिल्या. ज्याला हेन्रीने सोडून दिलं तो रीस पुढे ‘लॉर्ड रीस’ म्हणून दक्षिण वेल्सचा सर्वांत बलाढ्य राजा झाला. ११७६ च्या नाताळात त्याने कार्डिगनच्या किल्ल्यात कवी आणि वादकांचा मोठा मेळा भरवला आणि दोन्ही कलांत पहिल्या येणाऱ्याला मानाची खुर्ची दिली. वेल्समध्ये आजही दरवर्षी भरणाऱ्या आयस्टेथवोड या साहित्य-संगीत संमेलनाचं मूळ याच मेळ्यात सांगितलं जातं. ११९७ मध्ये रीस गेला आणि मुलांत भाऊबंदकी पेटली. दिनेवूर या हातातून त्या हातात जात राहिलं. १२५७ मध्ये तर घराण्यातल्याच एका रीसला किल्ला परत मिळवून द्यायला इंग्रजी फौज आली, आणि ऐन वेळी तोच रीस पलीकडच्या वेल्श पक्षाला जाऊन मिळाला. माघार घेणारी ती फौज खोऱ्यात कापली गेली. १२७७ मध्ये एडवर्डच्या मोहिमेत दिनेवूर पडलं आणि पुढे इंग्रज अंमलदाराच्या हाती राहिलं. १४०३ मध्ये ओवेन ग्लिंडूरच्या बंडात वेल्श सैन्याने त्याला वेढा घातला. आतल्या किल्लेदाराने मदतीसाठी काकुळतीची पत्रं लिहिली, पण किल्ला पडला नाही. ज्या वेल्श राजांची ही गादी, त्यांच्याच स्वातंत्र्याच्या शेवटच्या मोठ्या लढ्यात दिनेवूर इंग्रजांच्या बाजूने टिकून राहिलं, असा हा उलटा न्याय.

१४८५ च्या बॉसवर्थच्या लढाईत हेन्री ट्यूडरला साथ देणाऱ्या सर रीस अप थॉमसला पुढे दिनेवूर मिळालं. त्याच्या नातवाचा १५३१ मध्ये आठव्या हेन्रीने राजद्रोहाच्या आरोपावरून शिरच्छेद केला आणि इस्टेट जप्त झाली. तिचा काही भाग हळूहळू सोडवून घेतला तो याच घराण्याने. एव्हाना रीसचं इंग्रजी वळणाचं ‘राइस’ हे आडनाव झालं होतं. १६६० च्या सुमारास त्यांनी टेकडीखाली न्यूटन हाऊस बांधलं. एकोणिसाव्या शतकात त्याला गॉथिक धाटणीचा दर्शनी भाग चढवला, म्हणजे नवा वाडा जुन्यासारखा दिसू लागला.

अशा वेळी जुन्या किल्ल्याचं सहसा काय होतं ते ठाऊक आहे. दगड सुटे करून गोठे आणि कुंपणं बांधली जातात. दिनेवूरचं तसं झालं नाही, कारण अठराव्या शतकात जॉर्ज राइस आणि त्याची बायको सेसिल यांना भग्न किल्ला हा आपल्या बागेचा दागिना वाटला. त्या काळी इंग्लंड-वेल्समधल्या जमीनदारांत ‘निसर्गासारखी दिसणारी’ उद्यानं रचण्याची लाट होती. रेखीव वाफे मोडायचे, कुंपणं दडवायची, झाडांचे पुंजके असे ठेवायचे की चालताना एकेक देखावा उघडत जावा. या कामातला सर्वांत नामवंत माणूस, ‘केपेबिलिटी’ ब्राऊन, १७७५ मध्ये इथे येऊन गेला आणि त्याने सूचना केल्या. किल्ला, हरणांचं रान, वाडा आणि नदी हे सगळं एका नजरेत यावं, ही दृष्टी मात्र घरधन्यांचीच. १७९० च्या दशकात चित्रकार टर्नर आला आणि लॅनडायलोच्या पुलामागे दिसणारा किल्ला त्याने जलरंगात उतरवला. तोवर दिनेवूर हा लढण्याचा नव्हे, पाहण्याचा किल्ला झाला होता.

देखाव्याची ही हौस त्या खोऱ्यात दिनेवूरपुरती नव्हती. नदीच्या खालच्या अंगाला लॅनार्थनीजवळच्या टेकडीवर एक त्रिकोणी मनोरा दिसतो. तो विल्यम पॅक्सटनने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अ‍ॅडमिरल नेल्सनच्या स्मरणार्थ बांधला. पॅक्सटनने पैसा केला तो कलकत्त्यात, ईस्ट इंडिया कंपनीच्या टांकसाळीचा प्रमुख असताना आणि नंतर तिथल्या सावकारीत. म्हणजे वेल्समधल्या त्या रम्य देखाव्यात बंगालचाही वाटा आहे.

हौसेने राखलेल्या रानाचा खरा फायदा झाला तो झाडांना. शेतीसाठी नांगर फिरला नाही, लाकडासाठी सरसकट कुऱ्हाड चालली नाही. म्हणून दिनेवूरच्या रानात कित्येक शतकांचे ओक उभे आहेत. खोडं पोकळ, फांद्या अर्ध्या वाळलेल्या, साल भेगाळलेली. पण याच वाळक्या लाकडात दुर्मीळ भुंगेरे वाढतात, पोकळीत वटवाघळं राहतात आणि सालीवर दगडफुलाच्या नाना जाती चिकटलेल्या असतात. उद्यान राष्ट्रीय निसर्ग अभयारण्य ठरलं ते या म्हाताऱ्या झाडांमुळेही. त्यांच्याकडे दुरून पाहिलं की आणखी एक गोष्ट दिसते. झाडांचे घेर खालून एका पातळीत कापल्यासारखे सपाट असतात. हे माळ्याचं काम नव्हे. हरणं मान उंचावून जिथवर पोहोचतात, तिथवरचा पाला फस्त होतो.

ही हरणं फॅलो जातीची, शंभरावर. नराची शिंगं टोकाला पंजासारखी पसरट. शरद ऋतूत माजावर आलेल्या नरांचं घोगरं ओरडणं रानभर ऐकू येतं.

त्यांच्याहून मोठा मान मात्र गुरांचा. दिनेवूरची गुरं ‘व्हाइट पार्क’ जातीची. अंग पांढरंशुभ्र, शिंगं लांब, आणि कान, नाकाडं, डोळ्यांभोवतीची कडा काळी. त्यांचा पुरावा वेल्श कायद्यात आहे. दहाव्या शतकातल्या हावेल द्दा या राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यात राजाचा अपमान केल्यास काय भरपाई द्यायची ते लिहिलेलं आहे. दिनेवूरच्या राजाला द्यायची ती अशी: आर्गोएल या ठिकाणापासून दिनेवूरच्या दरबारापर्यंत शेपटीला डोकं लावून उभी राहतील इतकी पांढरी, लाल कानांची गुरं, आणि दर वीस गुरांमागे त्याच रंगाचा एक वळू. राजाची अब्रू किती मोलाची ते इथे अंतराने मोजलं आहे. आजच्या कळपात काळ्या कानांचीच जनावरं दिसतात, पण या जातीत लाल कानांचं वासरूही अधूनमधून जन्माला येतं.

या गुरांनी दिनेवूर एकदा सोडलंही. १९५६ आणि १९६२ मध्ये लॉर्ड दिनेवूर ही पदवी धारण करणारे बाप-लेक पाठोपाठ गेले. दोन्ही वेळी वारसाकर भरावा लागला आणि इस्टेटीचं कंबरडं मोडलं. १९७० च्या दशकात वाडा विकला गेला, त्याची दुर्दशा झाली, कळपही पांगला. १९८७ मध्ये हरणांचं रान आणि १९९० मध्ये न्यूटन हाऊस नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने घेतलं, आणि १९९२ मध्ये गुरं परत आणली.

आज दिनेवूरचा कारभार तिघांत वाटलेला आहे. वाडा आणि रान नॅशनल ट्रस्टकडे. किल्ला आणि त्याखालचं जंगल दक्षिण आणि पश्चिम वेल्सच्या वन्यजीव न्यासाच्या मालकीचं. आणि किल्ल्याच्या भिंतींची निगा कॅडू या वेल्स सरकारच्या वारसा खात्याकडे. राजांच्या किल्ल्याची मालक पक्ष्याप्राण्यांची संस्था असावी हे आधी चमत्कारिक वाटतं. पण पाहिलं तर हे बरंच झालं आहे. पुरातत्त्वाच्या नावाखाली झाडी साफ करून भिंती उघड्या पाडण्याचा मोह इथे सहज होऊ शकला असता. मालकच वन्यजीवांचा वाली असल्यामुळे दगड सांधताना जंगलाचाही विचार होतो.

जायचं तर स्वान्सीहून लॅनडायलोला रेल्वे जाते. गाड्या मोजक्याच असतात, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. किल्ल्यात जायला पैसे पडत नाहीत, वाड्याला तिकीट आहे. पावसाळी बूट हवेत, कारण चिखल बारमाही. उत्तरेकडचे एडवर्डचे किल्ले आधी पाहिले असतील तर दिनेवूर पहिल्या नजरेला फारच लहान वाटेल. तिथे जेत्याची ताकद दिसते. इथे एक जागा आठशे वर्षं कोणकोणत्या कारणांनी सांभाळली गेली ते दिसतं: आधी राज्यासाठी, मग मिरवण्यासाठी, मग नुसत्या देखाव्यासाठी, आणि आता भुंगेऱ्यांसाठीसुद्धा. यातलं कोणतं कारण थोर आणि कोणतं किरकोळ, हे ठरवायची गरज नाही. एक संपण्याआधी दुसरं उभं राहिलं, म्हणून दिनेवूर आज पाहायला मिळतं.