कॉफी टाकते, बसा

आपल्या मराठवाड्यात पाहुणा आला की आधी तांब्याभर पाणी आणि मागोमाग चहा. दिवसातून दहा वेळा झाला तरी चहाला कुणी नाही म्हणत नाही. कॉफीचं मात्र तसं नव्हतं. कॉफीच्या पुडीची बाटली फळीवर सगळ्यात वर असायची. ती खाली उतरली, की आज कुणीतरी खास आलंय हे आम्हा पोरांना कळायचं. व्याही आले, उपास असला, कुणी दुखण्यातून उठलं किंवा रात्रीचं जागरण असलं, तरच कॉफी व्हायची. तीही दुधात उकळलेली, गोड, वेलदोडा आणि जायफळ घातलेली. कॉफीने झोप उडते आणि जायफळाने झोप येते म्हणतात. दोन्ही एकाच पातेल्यात घालणारे आपणच!

दूध बेताचंच असायचं, म्हणून एका कपात दोघं भागायची. कप पाहुण्याला, बशी घरच्याला. त्या निमित्ताने दोघं समोरासमोर बसायची.

माणसं जवळ येतात ती कॉफीच्या चवीमुळे, असं मला वाटत नाही. जेवायला बोलवायचं तर तयारी लागते, मानपान येतो. कपाला तेवढं काही लागत नाही. पण तो गरम असतो, घाईने संपवता येत नाही. पाच-दहा मिनिटं बसावंच लागतं. हातात कप असला की नजर कपात ठेवून बोलता येतं. एरवी अवघड वाटणारी गोष्ट तेव्हा तोंडातून निघून जाते. घरातली कितीतरी भांडणं 'घे, निवतंय' एवढ्या शब्दांवर मिटलेली मी पाहिली आहेत.

कपाची ही ताकद आपल्या समाजाला फार पूर्वीपासून ठाऊक होती. म्हणून तर कुणी कुणाच्या हातचा चहा घ्यायचा, यावर एवढे निर्बंध होते. आमच्या लातुरात ज्यांच्या नावाचं मोठं महाविद्यालय आहे, त्या राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. दलित माणसाच्या हॉटेलात चहा प्यायला येणार कोण? महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा मागवत आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यायला लावत. पुढे राज्यघटनेने हॉटेलातला भेदभाव बेकायदा ठरवला, तरी गावोगावच्या हॉटेलांत वेगळे ठेवलेले कप त्यानंतरही बरीच वर्षं होते.

आता आजच्या लातूरबद्दल. 'लातूर पॅटर्न'चं नाव झाल्यापासून जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलं इथे शिकायला येतात. आमच्या वरच्या दोन खोल्यांतही नीटची तयारी करणारी मुलं राहतात. सोळा-सतरा वर्षांचं वय, मेसचा डबा, पहाटेपासून क्लास. शेजारच्या कॉटवरचा मुलगा मित्र असतो आणि स्पर्धकही. संध्याकाळी घरून फोन येतो : जेवलास का, टेस्टला किती पडले? मूल 'हो' म्हणतं, आकडा सांगतं आणि फोन ठेवतं. त्या पोराच्या पोटात काय चाललंय, हे कुणाला कळत नाही. ते वेळेवर न कळल्याची किंमत काही घरांनी फार मोठी मोजली आहे.

म्हणून मी संध्याकाळी पाच वाजता कॉफी टाकते आणि जिन्यातून हाक मारते. मार्कांचं काही विचारायचं नाही, एवढाच माझा नियम. पहिले काही दिवस मुलं उभ्या-उभ्या पिऊन जातात. पंधरा-वीस दिवसांनी बसायला लागतात. मग 'काकू, मला फिजिक्स जमतच नाही' हे आपोआप बाहेर येतं, आणि त्यावर दुसरा म्हणतो, 'मलाही नाही.' दोघांचेही खांदे थोडे सैल होतात. रविवारी नांदेडकडून एखाद्याचे वडील एसटीने येतात. त्यांनाही कप देते आणि सोयाबीन कसं आहे ते विचारते. मुलगा कान देऊन ऐकतो. बापालाही काही जमत नसतं, हे त्याला बहुधा पहिल्यांदाच कळतं.

वेळ पाचचीच का, हेही सांगते. आपण जागे असतो तोवर मेंदूत अॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि त्यामुळे झोप येते. कॉफीतलं कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, फक्त जाणवत नाही. प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायलाही साधारण पाच-सहा तास लागतात. रात्री अकराला कॉफी घेऊन जागणारं पोर पहाटेच्या क्लासला पेंगतं ते यामुळेच. पाचचीही काहींना बाधते. त्यांना मी अर्धा कपच देते. रात्री दहानंतर कुणी खाली आलं, तर गरम दूध मिळतं. त्यात जायफळ मात्र घालते.