परदेशी शिक्षण : मुक्कामाचा परवाना आणि कुटुंबाचा निर्वाह

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. रमाबाई मुंबईतच राहिल्या. विद्यार्थी म्हणजे एकटा माणूस, हे त्या काळी गृहीतच होते. आज बेळगाव-निपाणीकडचा तरुण वा तरुणी उच्च शिक्षणासाठी निघते, तेव्हा पुष्कळदा लग्न झालेले असते आणि कडेवर मूलही असते. लसीकरणाच्या दाखल्यासाठी अशी कुटुंबे बालरोगतज्ज्ञाकडे येतात. विद्यापीठाचा क्रमांक, शुल्क, कर्जाचा व्याजदर हे सारे त्यांना मुखोद्गत असते. जोडीदाराला तेथे नोकरी करता येईल काय, मुलाच्या आजारपणाचा खर्च कोण उचलणार, हे मात्र बहुधा कोणी विचारलेले नसते. वस्तुतः निवासाच्या परवान्यातील हीच दोन कलमे कुटुंबाचे तेथील आयुष्य ठरवितात.

ब्रिटनचे उदाहरण प्रथम घेऊ, कारण आपल्याकडील ओढा अजूनही तिकडे आहे. जानेवारी २०२४ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांना जोडीदार व मुले सोबत नेण्याची मुभा मुख्यतः पीएच.डी. वा संशोधनप्रधान पदवीच्या विद्यार्थ्यांपुरतीच उरली आहे. एक वर्षाच्या साध्या एम.एस्सी.साठी जाणाऱ्याने कुटुंब नंतर बोलावू असे म्हणणे व्यर्थ होय. ज्यांना परवानगी मिळते त्यांनी आरोग्य अधिभार आगाऊ भरावयाचा असतो. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यासाठी तो वर्षाला ७७६ पौंड झाला आणि सोबतच्या प्रत्येकाचा तितकाच वेगळा. तीन वर्षांच्या संशोधनासाठी तिघांचे कुटुंब निघाले तर ही रक्कम जवळजवळ सात हजार पौंडांवर जाते, आणि ती विमानात बसण्यापूर्वीच द्यावी लागते. त्या बदल्यात तेथील सरकारी आरोग्यसेवा मिळते, हे खरे. परंतु बालभत्त्यासारखे सरकारी साहाय्य या परवान्यावर मिळत नाही. सरकारी शाळा मात्र खुली असते, आणि इंग्लंडमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना आठवड्याचे १५ तास बालवाडी विनामूल्य मिळते. ही सवलत पुष्कळांना ठाऊकच नसते.

जर्मनीचा विचार निराळा आहे. तेथे विद्यार्थ्याने वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम एका बंदिस्त खात्यात आधी ठेवावी लागते व ती दरमहा हप्त्याने हाती येते. १ सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो झाली. ती एकट्याची आहे. कुटुंब न्यावयाचे तर त्यांच्या निर्वाहाची व पुरेशा जागेची तजवीज स्वतंत्र दाखवावी लागते. जोडीदाराकडून प्राथमिक जर्मन भाषेचे प्रमाणपत्रही साधारणपणे मागितले जाते. हे सारे जुळले की लाभही मोठा. कुटुंब म्हणून परवाना मिळालेल्या जोडीदाराला नोकरीची मुभा असते, आणि विद्यार्थी सार्वजनिक आरोग्य विम्यात असेल तर उत्पन्न नसलेला जोडीदार व मुले वेगळा हप्ता न भरता त्याच विम्यात येतात. विद्यार्थ्यांचा सवलतीचा हप्ता तिशीपर्यंतच मिळतो, हे उशिरा निघणाऱ्यांनी विसरू नये.

अमेरिकेत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला अनेकदा शुल्कमाफी व विद्यावेतन मिळते, परंतु विद्यार्थ्याच्या आश्रित व्हिसावर आलेल्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही. एकट्यासाठी बेतलेल्या विद्यावेतनात तिघांनी राहावयाचे आणि मुलाच्या विम्याचा हप्ताही त्यातूनच द्यावयाचा, असा तो संसार असतो.

आता पैसे कोणाचे, हा प्रश्न. आपल्याकडील एकत्र कुटुंबात काका सहज म्हणतात, “माझ्या खात्यातले दाखवा.” ब्रिटनला ते चालत नाही. रक्कम विद्यार्थ्याच्या, जोडीदाराच्या किंवा आईवडिलांच्याच नावे असावी आणि सलग २८ दिवस तेवढीच टिकलेली असावी. मान्यताप्राप्त बँकेचे शैक्षणिक कर्ज चालते. डॉक्टर बंधूंनी हेही ध्यानात घ्यावे की ट्रस्टच्या वा कंपनीच्या नावावरील रुग्णालयाचे खाते हे त्यांचे वैयक्तिक खाते नव्हे.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत सीमाभागाची अडचण जुनीच आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती महाराष्ट्राच्या रहिवाशांना आहे. निपाणीच्या विद्यार्थ्याचा रहिवासी दाखला कर्नाटकाचा. सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात काही अभ्यासक्रमांच्या जागा राखीव आहेत, म्हणून परदेशी शिष्यवृत्तीही मिळेल असे धरून चालू नये. अशांनी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती पाहावी. अनुसूचित जाती, विमुक्त-भटके, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी ती आहे, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ८ लाख रुपये आहे आणि राज्याची अट नाही. जे. एन. टाटा एंडाउमेंटची १८९२ पासूनची कर्ज-शिष्यवृत्तीही सर्व भारतीयांना खुली आहे.

कागदपत्रांपैकी जन्मदाखल्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. जन्माची नोंद रुग्णालयातून होते तेव्हा बाळाचे नाव ठरलेले नसते; बारसे होते, पण नाव नोंदवहीत चढत नाही. पहिल्या वर्षात ते विनाशुल्क चढविता येते, त्यानंतर विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. १ ऑक्टोबर २०२३ वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. शिवाय आपल्याकडे एकच नाव मराठी उच्चाराने एक, कन्नडवरून इंग्रजीत आणताना दुसरे होते. आईच्या पासपोर्टवर विवाहापूर्वीचे आडनाव असते. ही अक्षरे घरी असतानाच जुळवून घ्यावीत.

लसीकरणाचेही तसेच. जर्मनीत मार्च २०२० पासून पाळणाघर वा बालवाडीत प्रवेशासाठी गोवरच्या लसीचा पुरावा सक्तीचा आहे : वर्षाच्या मुलाला एक मात्रा, दोन वर्षांपासून दोन. आपल्या शासकीय वेळापत्रकात दुसरी मात्रा १६ ते २४ महिन्यांत येते, म्हणून त्या वयाच्या मुलाची मात्रा निघण्यापूर्वीच उरकावी व दोन्ही तारखा इंग्रजीत, सहीशिक्क्यासह लिहून घ्याव्यात. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक राहावयाचे तर क्षयरोगाची तपासणी त्यांच्या यादीतील केंद्रातच करावी लागते. आपल्या येथील एक्स-रे कितीही उत्तम असला तरी उपयोगी पडत नाही. अकरा वर्षांखालील मुलांचा सहसा एक्स-रे काढत नाहीत, तथापि त्यांनाही तेथे सोबत न्यावे लागते.