वर्ध्याहून मेक्सिकोस

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील गेल्या पावसाळ्यांत माझ्याकडे आले होते. आमच्या तालुक्याच्या गांवीं त्यांचें किराणा मालाचें दुकान आहे. मुलगा बारा वर्षांपूर्वीं कॅनडांत गेला आणि तेथेंच नोकरी धरून स्थायिक झाला. त्याच्या नव्या कचेरीचें छापील कार्ड वडिलांच्या हातांत होतें. तिकडच्या लोकांच्या जिभेला वळावें म्हणून मुलानें आपलें चार अक्षरी नांव तोडून दोन अक्षरी केलें होतें. "गुरुजी, आजोबांचं नांव होतं तें," ते म्हणाले. "आतां हा आमचा म्हणायचा कीं नाहीं?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. सारी हयात प्राथमिक शाळेंत मुलें शिकवण्यांत गेली; समुद्र ओलांडण्याचा योग कधीं आला नाहीं. तेव्हां अशा प्रश्नाचें उत्तर मीं काय द्यावें? पण ते गेल्यावर मला एका गृहस्थांचें चरित्र आठवलें, आणि श्रोतेहो, तेंच आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे. हे गृहस्थ म्हणजे डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

खानखोजे यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळांत वर्ध्यास झाला. वडील अर्जनवीस, म्हणजे लोकांचे सरकारी अर्ज लिहून देणारे. अशा लहान गांवांत माणसाला आपली ओळख करून द्यावी लागत नाहीं. ती त्याच्या आधींच दारांत उभी असते. हा कोणाचा मुलगा, याची आई कोणत्या घरची, याला गणित येतें कीं नाहीं, हें सर्वांस ठाऊक. या ओळखीची ऊब असते, तसा जाचही असतो. त्यांच्या शाळकरी वयांतच १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भयंकर दुष्काळांनीं मध्यप्रांत होरपळून निघाला. पुढच्या हकीकतीसाठीं श्रोत्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

पुढें ते नागपुरास शिकावयास गेले. लोकमान्य टिळकांच्या चळवळीनें मन भारून गेलें, आणि सशस्त्र क्रांतीवांचून देश सुटणार नाहीं असा त्यांचा निश्चय झाला. परदेशीं लष्करी शिक्षण घ्यावयाचें, हा मनांतला हेतु. टिळकांच्या सल्ल्यानें ते जपानला गेले आणि तेथून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोंचले. कॅलिफोर्नियांत सान राफाएल येथें एका लष्करी विद्यालयांत त्यांनीं शिक्षण घेतलें, आणि शेतकी शिकण्यासाठीं ते कॉलेजांत दाखल झाले. पुढें ऑरेगॉनच्या शेतकी कॉलेजांतही ते होते. म्हणजे पाहा, मन तलवारीवर आणि हात नांगरावर! त्या काळीं त्यांना कोणीं विचारलें असतें, तर शेतकी हें दुय्यम काम, असेंच त्यांनीं सांगितलें असतें असें मला वाटतें.

१९१३ सालीं त्या किनाऱ्यावरील हिंदी मजूर आणि विद्यार्थी यांनीं जो गदर पक्ष उभारला, त्याच्या संस्थापकांत खानखोजे होते. लाला हरदयाळ यांचा भर प्रचारावर, तर खानखोजे यांचा भर लढ्याच्या तयारीवर. पहिलें महायुद्ध पेटल्यावर ते तुर्कस्थानांतून इराणांत गेले, मुसलमानी वेश आणि नांव धारण केलें व इंग्रजांच्या फौजेशीं लढले. आमच्या विद्यार्थ्यानें नांवाचीं दोन अक्षरें कमी केलीं. या मनुष्यानें तर नांव, पोषाख आणि धर्माची खूण, सर्वच बदललें होतें. पण तो वेश होता, नवा जन्म नव्हे. वेश घेतांना आपण कोण आहों हें माणूस विसरत नाहीं. उलट तें सतत ध्यानांत ठेवतो, नाहींतर जीवच जावयाचा.

महायुद्ध संपलें, जर्मनी हरला आणि ज्या आशेवर हीं माणसें घराबाहेर पडलीं होतीं ती आशा मावळली. खानखोजे बर्लिनला आले. १९२१ सालीं वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय प्रभृतींबरोबर ते मॉस्कोस जाऊन आले. तेथेंही कार्य साधलें नाहीं. परत हिंदुस्थानांत यावें, तर नांव सरकारच्या काळ्या यादींत. हा काळ मला त्यांच्या चरित्रांत सर्वांत अवघड वाटतो. वयाची चाळिशी जवळ आलेली, घरदार नाहीं, आणि ज्या एका कामासाठीं घर सोडलें तें फसलेलें. अशा अवस्थेंत पुष्कळांचा शेवट वाईट झाला. चट्टोपाध्याय यांना तर १९३७ सालीं रशियांतच गोळी घालण्यांत आली.

खानखोजे १९२४ सालीं मेक्सिकोस गेले. १९१० पासून त्या देशांत मोठी राज्यक्रांति झाली होती. जमीनदारांच्या अफाट वाड्या मोडून जमीन कुळांना द्यावी, अशी हांक उठली होती. त्या हांकेचा पुढारी झापाटा १९१९ सालींच मारला गेला, तरी जमिनीचा प्रश्न संपला नव्हता. अशाच एका मोडलेल्या वाडीवर, मेक्सिको शहराजवळ चापिंगो येथें, १९२४ मध्येंच राष्ट्रीय शेतकी विद्यालय हलविण्यांत आलें. तेथें खानखोजे अध्यापक झाले.

येथें थोडें थांबून मी माझें मत सांगतों. परदेशीं नवा जन्म मिळतो तो निव्वळ आपल्या जिद्दीनें मिळतो, असें आपण फार सहज बोलतों. जिद्द लागतेच, पण ज्या देशांत आपण जातों त्या देशालाही आपली गरज पडावी लागते. खानखोजे यांच्याजवळ जिद्द बर्लिनमध्येंही होती. पण शेतकी जाणणारा, गरीब कुळांविषयीं कळकळ असलेला मनुष्य मेक्सिकोला त्या क्षणीं हवा होता, आणि इतकीं वर्षें दुय्यम राहिलेली विद्या पुढें आली. चाळिशीच्या सुमारास ते स्पॅनिश भाषेंत शिकवूं आणि लिहूं लागले. साठीच्या घरांत नवा मोबाइल हाताळतांना माझी जी त्रेधा उडते, तीवरून या गोष्टीचें मोल मला कळतें.

मेक्सिको हें मक्याचें माहेर. आपल्याकडे ज्वारीची भाकरी, तशी तेथें मक्याची टॉर्टिया. मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून भिजत ठेवतात, मग तो वाटून त्या पिठाच्या पातळ गोल चकत्या थापतात आणि तव्यावर भाजतात. पण चापिंगो समुद्रसपाटीपासून सुमारें सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे. तिकडच्या पठारावर अवेळीं हिमतुषार पडतो आणि पाऊसही हुलकावणी देतो. एका रात्रीच्या थंडीनें कुळाचें वर्षाचें अन्न जावें, अशी स्थिति. थंडी आणि अवर्षण सोसतील अशीं वाणें काढण्याच्या कामांत खानखोजे यांनीं स्वतःस घालून घेतलें. मक्याचा पूर्वज म्हणून गणलेलें तेओसिंते नांवाचें एक रानगवत तेथें उगवतें. त्याच्याशीं मक्याचा संकर करण्याचे प्रयोग त्यांनीं केले. कुळांच्या मुलांमाणसांसाठीं त्यांनीं शेतकीच्या मोफत शाळा काढल्या. त्यांच्या प्रयोगांचीं छायाचित्रें टीना मोदोत्ती या नामांकित छायाचित्रकार बाईंनीं घेतलीं. त्याही इटलीहून आलेल्या, म्हणजे परदेशीच.

आतां तो दुष्काळ आठवा. वर्ध्याच्या मुलानें पोटासाठीं वणवण करणारीं माणसें पाहिलीं नसतील, असें कसें म्हणावें? भाषा बदलली, नांव बदललें, बंदुकीच्या जागीं कणीस आलें. पण भुकेलेल्या शेतकऱ्याची चिंता मात्र गांवाहून निघाली ती चापिंगोपर्यंत त्यांच्याबरोबर गेली, असें मला वाटतें. मेक्सिको शहरांत शिक्षणखात्याच्या इमारतीच्या भिंतीवर दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकारानें "आमची भाकर" अशा अर्थाचें एक चित्र काढलें आहे. मेजाभोंवतीं नाना प्रकारचीं माणसें बसलीं आहेत आणि मध्यभागीं एक जण भाकर मोडतो आहे. तो मनुष्य म्हणजे आपल्या वर्ध्याचे खानखोजे.

या नव्या जन्माची किंमत मात्र त्यांस द्यावी लागली. १९३६ सालीं बेल्जियमच्या ज्यान सिंदिक या बाईंशीं त्यांचा विवाह झाला. सावित्री आणि माया अशा दोन मुली झाल्या. नांवें पाहा! बाप स्पॅनिश बोलूं लागला, पण मुलींना हांक मारावयाची वेळ आली तेव्हां ती आपल्याच नांवांनीं. पुढें देश स्वतंत्र झाला. १९४९ सालीं त्यांनीं स्वदेशीं येण्याचा परवाना मागितला, तों त्यांचें नांव अजून त्या जुन्या काळ्या यादींतच असल्याचें निघालें! ज्या राज्याविरुद्ध ते लढले तें गेलें, पण त्याचा कागद शिल्लक राहिला होता. ती अडचण दूर झाली खरी. तरी कुटुंबासह कायमचे परत यावयास १९५५ साल उजाडलें. २२ जानेवारी १९६७ रोजीं नागपुरांत त्यांचें देहावसान झालें. त्यांचें चरित्र कन्या सावित्री साहनी यांनीं इंग्रजींत लिहिलें असून, २०२२ सालीं चापिंगोच्या विद्यापीठांत त्यांचा पुतळाही उभा राहिला आहे.

पुढच्या आठवड्यांत मीं ही सारी हकीकत त्या दुकानदारांस त्यांच्याच दुकानांत बसून सांगितली. मध्यें गिऱ्हाइकें येत होतीं, तेलाचें माप भरलें जात होतें. तरी त्यांनीं शेवटपर्यंत ऐकलें. "मुलींचीं नांवं सावित्री आणि माया?" एवढेंच त्यांनीं दोनदां विचारलें. मग गल्ल्यांतून तें छापील कार्ड काढलें, एक कोरा कागद माझ्यापुढें सरकवला आणि मुलाचें तें तोडलेलें नांव इंग्रजी अक्षरांत मोठें करून लिहून द्या म्हणाले. दिवाळीच्या फराळाचें पुडकें पाठवावयाचें होतें, आणि तिकडचा टपालवाला जुन्या नांवानें घर ओळखणार नाहीं, अशी त्यांना काळजी होती.