मनाच्या दुखण्यातही जाणता माणूस गाठावा

बैलाने वैरणीला तोंड लावले नाही, तर शेतकरी त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्याची वाट धरतो. परंतु घरातील कर्ता पुरुष जेवेनासा झाला, रात्ररात्र जागू लागला, शेताकडे जाण्याचे टाळू लागला, तर ‘नापिकीच्या वर्षी असे व्हायचेच’ असे म्हणून घरची माणसे स्वस्थ राहतात. या दिरंगाईपायी विदर्भ-मराठवाड्यातील अनेक घरांतील कर्ती माणसे गेली आहेत. मनाचे दुखणे हेही दुखणेच होय व त्यावर उपाय आहे.

जाणता कोणास म्हणावे?

औषधे देणे हे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचे काम. त्यांच्या जोडीला मनोविकृती समाजसेवक असतो. तो रोग्याशी व घरच्यांशी बोलतो, कर्ज, भांडण, व्यसन यांचा मनावर पडलेला भार समजून घेतो आणि उपचार मध्येच सुटू देत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील व्याख्येप्रमाणे त्याने समाजकार्याची पदव्युत्तर पदवी व त्यानंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ विशेष शिक्षण घेतलेले असावे लागते. अशा व्यक्तींची नोंदणी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे करण्याची तरतूद याच कायद्यात आहे. म्हणून खाजगी सल्लागाराकडे जाताना त्याचे शिक्षण व नोंदणी विचारावी. त्यात संकोच नसावा.

कोठे जावे?

प्रथम गावच्या आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना सांगावे. तेथून जिल्हा रुग्णालयातील जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या कक्षाकडे पाठविले जाते. हे पथक तालुक्याच्या ठिकाणी कोणत्या दिवशी येते, याची चौकशी ग्रामसेवकाने करून तो दिवस चावडीवरील फळ्यावर लिहावा. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जाणे शक्य नसल्यास १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर दिवसा वा रात्री केव्हाही मराठीतून बोलता येते. ‘टेली-मानस’ ही केंद्र शासनाची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली.

ग्रामसेवकाचे कर्तव्य

शिवारफेरीत कोणी हताश बोलू लागला, तर त्याला उपदेश करू नये. शांतपणे ऐकून घ्यावे. ‘जीव द्यावासा वाटतो काय?’ असे सरळ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट मन मोकळे होते. होकार मिळाल्यास त्याला एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके कुलूपबंद करवावीत किंवा शेजाऱ्याकडे ठेववावीत आणि त्याच दिवशी त्याच्यासोबत दवाखान्यात जावे. पोलिसांचे भय बाळगू नये. असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे २०१७ चा कायदा गृहीत धरतो, आणि त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरवितो.

एका हंगामाचे पीक गेले तरी पुढील हंगाम येतो. तो पाहण्यास माणूस राहिला पाहिजे.