मज्जारज्जूच्या इजेवर विजेचा उपचार

मणक्यांच्या पोकळीतून जाणारा मज्जारज्जू मेंदूचे हुकूम हातापायांपर्यंत पोचवतो. झाडावरून पडून किंवा वाहनाच्या अपघातात मणका मोडला आणि रज्जू चेचला, की त्याखालच्या अंगाची हालचाल व संवेदना जाते. लघवी-शौचावरचा ताबाही सुटतो. तुटलेला रज्जू पुन्हा जोडणारे औषध अजून नाही.

मात्र इजेखालचा रज्जू मेलेला नसतो. पावलांची लय सांभाळणारी पेशींची जाळी तिथे टिकून असतात. इजा ‘पूर्ण’ ठरली तरी पुष्कळदा थोडे तंतू वाचलेले असतात. पण त्यांतून येणारा संदेश क्षीण असतो. व्होल्टेज कमी पडले की शेतातला पंप नुसता गुणगुणतो, फिरत नाही. तशीच ही अवस्था. सौम्य विद्युतप्रवाह रज्जूत शिरणाऱ्या संवेदी तंतूंना चेतवतो. त्यामुळे जाळी सज्ज होतात आणि मेंदूचा दुबळा संदेशही पुरा पडतो. फिजिओथेरपीत स्नायूंना ‘करंट’ देतात, त्याहून हे वेगळे.

इलेक्ट्रोडची पट्टी शस्त्रक्रियेने रज्जूच्या आवरणावर बसवतात किंवा इलेक्ट्रोड त्वचेवर चिकटवतात. अमेरिकेतील लुईव्हिल येथे २६ महिन्यांच्या सरावानेही फरक न पडलेला तरुण पट्टी बसवल्यावर स्वतःचे वजन पेलून काही मिनिटे उभा राहिला. हा अहवाल २०११मध्ये ‘लान्सेट’ने छापला. २०१८मध्ये लुईव्हिल, मेयो क्लिनिक आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथील काही रुग्ण आधाराने पावले टाकू लागल्याचे अहवाल आले. हातांसाठीच्या त्वचेवरील उपकरणाची ६० जणांवर चाचणी झाली. ७२ टक्के जणांच्या हातांची ताकद आणि कामाची क्षमता दोन्ही सुधारल्या. या उपकरणाला अमेरिकेने डिसेंबर २०२४मध्ये मान्यता दिली.

तरीही हा रामबाण उपाय नव्हे. हातांच्या त्या चाचणीत तुलनेसाठी स्वतंत्र गट नव्हता. शस्त्रक्रियेत जंतुसंसर्गाचा आणि पट्टी सरकण्याचा धोका असतो. शिवाय रोजच्या कसून सरावाशिवाय प्रवाहाचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून मुंबईची हाजीअली येथील पुनर्वसन संस्था किंवा खडकीचे पॅराप्लेजिक केंद्र यांसारख्या ठिकाणचे व्यायाम, जखमा टाळण्याची काळजी आणि मूत्राशयाची निगा हाच आजही उपचाराचा पाया आहे.

वाचलेले तंतू जपणे अपघाताच्या जागीच सुरू होते. धारणीहून अमरावतीची वाट हरिसाल, सेमाडोहवरून मेळघाटच्या घाटांतून परतवाड्याला उतरते. अशा वळणांवर मोडलेला मणका हलला, तर रज्जूची इजा वाढू शकते. म्हणून जखमीला बसवू नये, खांद्यावर घेऊ नये. आधी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी; हलवणे भागच असेल, तर मान-पाठ सरळ ठेवून चौघांनी एकदम उचलून फळीवर निजवावे आणि बांधावे.