मोबाइलवरची पेठ : पाटोद्यातल्या (जि. बीड) विक्रेत्यासाठी

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस : जानेवारी २०१८ पासून. दुकानाचा पत्ता, वेळ आणि भावासह मालाची यादी ठेवता येते.

व्हॉट्सअ‍ॅपचं ब्रॉडकास्ट म्हणजे ग्रुप नव्हे. एका यादीत २५६ जण. निरोप प्रत्येकाला स्वतंत्र जातो, गिऱ्हाइकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला निरोप पोचतच नाही. (गिऱ्हाइकाला नंबर सेव्ह करायला सांगणं नेमकं राहून जातं.)

रील म्हणजे छोटा व्हिडिओ : भारतात टिकटॉकवर बंदी २९ जून २०२०, त्यापाठोपाठ इन्स्टाग्रामची रील जुलै २०२० मध्ये.

बूस्ट : आपल्याच पोस्टची किंवा रीलची पैसे भरून केलेली जाहिरात. गाव, अंतर, वय निवडता येतं.

बीडचं सीताफळ : भौगोलिक मानांकन २०१६. मानांकनाचा शिक्का वापरायचा, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी.

खवा, मसाले, लोणची : ऑनलाइन विक्रीलाही अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी किंवा परवाना लागतो.